पाण्याखालील आसरा

मासा पाण्यांत राहतो, मग त्यास निराळें घर कशाला हवें, असा प्रश्न एखाद्याच्या मनांत येईल. सातपाटीच्या खाडीकांठीं भरतीचें पाणी तिवरांच्या बनांत शिरूं लागलें म्हणजे याचें उत्तर मिळतें. बोय व कोळंबी यांचीं पिलें त्या पाण्याबरोबर आंत येतात. कारण तेथें त्यांना खाद्य मिळतें, आणि मुळांच्या दाटींत मोठा मासा सहसा शिरत नाहीं.

हेंच तत्त्व ओळखून अमेरिकेंतील लोक तळ्यांत 'बास' नांवाच्या माशासाठीं कृत्रिम आसरा उभारतात. फांद्यांची मोळी बांधावी, तिला सिमेंटचे ठोकळे जोडावे व ती तळाशीं सोडावी, एवढीच कृति. नाताळ संपल्यावर टाकून दिलेलीं झाडेंही या कामीं येतात. मात्र कठीण लाकूड अधिक वर्षें टिकतें. जागा विचारपूर्वक निवडावी लागते. उन्हाळ्यांत अति खोल पाण्यांतील प्राणवायु कमी होतो व तेथें मासा राहत नाहीं. मोळी बुडविल्यावर कांहीं आठवड्यांत फांद्यांवर शेवाळ चढतें, शेवाळावर किडे पोसतात, किड्यांमागें लहान मासे येतात, आणि त्यांच्यामागें सावलींत दबा धरणारा बास येतो.

आपल्या देशांतही ही युक्ति नवी नाहीं. केरळांतील अष्टमुडी सरोवरांत मच्छीमार फांद्यांचे ढीग घालतात, कांहीं आठवड्यांनीं भोंवतीं जाळें लावून फांद्या काढून घेतात व जमलेली मासळी धरतात. येथेंच एक गोष्ट ध्यानांत धरावी. आसऱ्यानें मासे एकत्र जमतात. तेवढ्यानेंच त्यांची संख्या वाढली असें होत नाहीं. जमलेलें सर्व लहानथोर धरलें, तर तो आसरा नसून सांपळाच ठरतो.

मग सातपाटीपुढील समुद्रांत अशा मोळ्या सोडाव्या काय? तेथील तळ चिखलाचा व भरती-ओहोटीची ओढ मोठी. मोळी वाहून जाईल किंवा गाळांत रुतेल, आणि तींत अडकून जाळीं फाटतील तीं वेगळींच. शिवाय ज्या पापलेटानें या गांवाचें नांव दूरवर नेलें, तो मोकळ्या पाण्यांत समूहानें हिंडणारा मासा; फांद्यांच्या आडोशास तो राहणारा नव्हे. त्याचें रक्षण जाळ्याच्या आसाच्या मापांत आहे. सन २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें त्यास राज्यमासा म्हणून जाहीर केलें. आणि १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट धरूं नये, असाही नियम आहे.

खाडींतील पिलांसाठीं तर निसर्गानें येथें आसरा आधींच बांधून ठेवला आहे. विद्यार्थिबंधूंनो, तिवर तोडून त्या जागीं भराव घालणें म्हणजे पुढील हंगामाच्या मासळीचें घर मोडणें होय. नवें घर बांधण्याचे श्रम आपणांस नाहींत. असलेलें राखावें, आणि लहान मासा मोठा होईपर्यंत धीर धरावा, एवढेंच आपलें काम आहे.