कांद्याचा भाव कशाने हलतो?

कांद्याची घरगुती मागणी वर्षभर जवळपास सारखी असते. पुरवठा मात्र हंगामाप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा टिकाऊ असल्याने कांदाचाळीत साठवून दिवाळीच्या सुमारापर्यंत पुरतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. परतीच्या पावसाने तो शेतातच सडला, तर लासलगावसारख्या मोठ्या कांदा बाजारातील लिलावात आवक घटते आणि भाव झपाट्याने चढतात; कारण महागला तरी कांदा स्वयंपाकातून सुटत नाही. आवक वाढली की ते तितक्याच वेगाने कोसळतात. परदेशी मागणी मात्र सरकारी निर्णयाने आटू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी येताच परदेशी गिऱ्हाईक तुटले, घाऊक भाव घसरले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण तोवर शेतकऱ्यांना लाल कांदा पडेल भावाने विकावा लागला होता.