खाद्यजिन्नसांतील अनिष्ट रसायने

धान्ये, डाळी, मसाले, गूळ, तेल, फळे इ. नित्याच्या खाद्यजिन्नसांत आढळणाऱ्या, पोषणास निरुपयोगी व आरोग्यास अपायकारक ठरू शकणाऱ्या द्रव्यांना अनिष्ट रसायने म्हणतात. रसायन म्हणजे विष, हा रूढ समज मात्र बरोबर नाही. हळदीला तिचा नैसर्गिक रंग देणारे कुर्क्युमीन हेही रसायनच आहे आणि मीठ हेही. कोणते द्रव्य, किती प्रमाणात व किती काळ पोटात जाते, यांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो.

ही रसायने अन्नात तीन मार्गांनी येतात. काही शेतात वा साठवणीत नकळत शिरतात, उदा., कीटकनाशकांचे अवशेष, बुरशीची विषे व जड धातू. काही प्रक्रियेच्या वेळी हेतुतः, पण कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत मिसळली जातात. परिरक्षके व खाद्यरंग यांत मोडतात. तिसरा मार्ग भेसळीचा होय. भेसळ करणारा दोषी असतोच. तथापि मालाच्या रंगाला व चकाकीला बाजारात जो भाव मिळतो, त्यातून या लबाडीला पुष्कळदा प्रोत्साहन मिळते.

गूळ हे याचे परिचित उदाहरण आहे. काहिलीत उसाचा रस उकळताना वर येणारी मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची पद्धत महाराष्ट्रातील गुऱ्हाळांत जुनी आहे. अशा गुळाचा रंग बहुधा तांबूस किंवा गडद तपकिरी असतो. बाजारात फिकट पिवळ्या ढेपेला मागणी अधिक असल्याने सोडियम हायड्रोसल्फाइट घालून रसाचे विरंजन केले जाते. त्यामुळे गुळात सल्फर डाय-ऑक्साइडाचे अवशेष राहतात आणि दम्याच्या रुग्णांना ते विशेष त्रासदायक ठरू शकतात. हा फिकेपणा साठवणीत फारसा टिकतही नाही. उसाची जात व जमीन यांनुसारही गुळाचा रंग बदलतो, म्हणून केवळ रंगावरून निर्णय देता येत नाही. तरीही अगदी फिकट ढेपेचा आग्रह न धरणे इष्ट होय.

हळदीच्या बाबतीत हाच हव्यास अधिक घातक ठरला आहे. शेतातून काढलेले हळकुंड उकळून, उन्हात वाळवून मग फिरत्या पिंपात घासून चकचकीत करतात. हळद पावसात भिजली किंवा नीट वाळली नाही, तर ती काळपट दिसते व तिचा भाव उतरतो. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात पुरामुळे असा माल निकृष्ट दिसू लागला, तेव्हा घासण्याच्या वेळी त्यावर लेड क्रोमेट टाकण्याची प्रथा पडली. पिवळ्या तैलरंगांत वापरल्या जाणाऱ्या या संयुगात वजनाने सु. ६४ टक्के शिसे असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा एक प्रमुख उगम हळद हाच असल्याचे दिसून आले. शिसे शरीरात कॅल्शियमाप्रमाणे हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर ते कायमचा आघात करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. त्यानंतर बांगलादेशात घाऊक बाजारांची तपासणी, दंड व लोकशिक्षण असे उपाय झाले. परिणामी २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत आढळलेले शिसे २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. भेसळ अटळ असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

मसाले अख्खे आणून घरी दळावेत, हा सल्ला सामान्यतः योग्य आहे. कारण पुडीत वीटकरीची भुकटी, पिष्ट वा अखाद्य रंग मिसळणे सोपे असते. परंतु लेड क्रोमेट हळकुंडाच्या पृष्ठभागावरच लावले जात असल्याने येथे तो सल्ला अपुरा पडतो. डोळ्यांत भरणारे एकसारखे पिवळे, हाताला रंग सोडणारे हळकुंड टाळणे, एवढेच ग्राहकाच्या हाती असते. मेटॅनिल यलो या अखाद्य रंगाची परीक्षा त्यामानाने सोपी आहे. हळदीच्या पुडीवर तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल टाकल्यास येणारा तांबूस रंग पाणी घालताच नाहीसा झाला, तर तो हळदीचा स्वतःचा असतो. टिकून राहिला, तर हा रंग मिसळलेला असण्याचा संभव असतो. ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी. तिने शिसे कळत नाही.

मोहरीतील भेसळ कधीकधी तणामुळे होते. पिवळा धोत्रा या तणाचे बी मोहरीसारखे दिसते आणि त्याच्या तेलातील सँग्विनारीन या विषाने पायांवर सूज येऊन हृदय दुर्बल होते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा तेलामुळे आलेल्या साथीत साठांहून अधिक लोक दगावले.

बुरशीची विषे याहून अदृश्य असतात. ओलसर जागी साठविलेल्या शेंगदाण्यांवर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिने तयार होतात. ती यकृतास घातक असून नेहमीच्या शिजविण्याने वा भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाहीत. सुरकुतलेले, काळवंडलेले किंवा कडवट दाणे निवडून टाकणे हे जुन्या घरांतील नित्याचे काम शास्त्रशुद्धच होते. निवडण्याचे कष्ट नकोत म्हणून तयार कूट विकत घेतल्यास ही संधी राहत नाही.

आंबे पिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडावर बंदी आहे. औद्योगिक कार्बाइडात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. अशा आंब्याची साल सर्वत्र सारखी पिवळी होते, पण गर पुष्कळदा आंबट व कठीण राहतो. अढीत पिकलेल्या फळाला सुगंध असतो. एथिलीन वायूने नियंत्रित रीत्या फळे पिकविण्यास मात्र परवानगी आहे. भाज्यांवरील कीटकनाशकांचे पृष्ठभागावरचे अवशेष वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने कमी होतात. वनस्पतीच्या रसात भिनणाऱ्या कीटकनाशकांवर धुण्याचा उपयोग होत नाही.

भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घेतली आणि २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. वेष्टनावर घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. त्यामुळे ‘गव्हाची’ म्हणविणाऱ्या बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे असल्यास ते लगेच कळते. २०२२ पासून खाद्यतेले व चरब्या यांतील ट्रान्स मेदाम्लांची कमाल मर्यादा २ टक्के केली आहे. सुट्या मालावर असा मजकूर नसतो. संशय आल्यास ग्राहकाला शुल्क भरून जिन्नस शासकीय अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. दोष आढळल्यास शुल्क परत मिळते. मात्र आपण हा माल तपासणीस देणार आहोत, असे खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावे लागते. नेहमीच्या ओळखीच्या दुकानात ही अट पाळणे अनेकांना अवघड वाटणे स्वाभाविक आहे.