चिखलाचा पाषाण कसा होतो?

महाराष्ट्राची बहुतेक भूमि लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची आहे. परंतु चंद्रपूरकडे वर्धा नदीच्या खोऱ्यांत गेलें म्हणजे निराळा पाषाण आढळतो. तो एके काळीं नुसती वाळू व चिखल होता.

ऊन, पाऊस व वारा यांच्या माऱ्यानें डोंगर झिजतो आणि त्याचा चुरा नदी वाहून नेते. प्रवाहाचा वेग मंदावला, कीं प्रथम गोटे, मग वाळू व शेवटीं संथ पाण्यांत बारीक चिखल तळाशीं बसतो. थरावर थर चढतात. वरच्या भारानें खालचे थर दाबले जाऊन त्यांतील पाणी निघून जातें. कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यांतील चुना, सिलिका किंवा लोहाचें द्रव्य मागें राहून कणांना सांधतें. अशा रीतीनें वाळूचा वालुकाश्म होतो व चिखलाचा पंकाश्म.

या खोऱ्यांतील अशा थरांना, गोंड लोकांच्या प्रदेशावरून, गोंडवन थर म्हणतात. ते खालून वर वाचावे. अगदीं तळाच्या थरांत बारीक चिखल व मोठाले धोंडे एकत्र सांपडतात. वाहतें पाणी जड व हलकें निवडून ठेवतें. ही सरमिसळ बर्फाची. इरई येथें पैनगंगेच्या पात्रांतील चुनखडकावर हिमनदीचे ओरखडेही आहेत. फेडन या भूगर्भशास्त्रज्ञानें १८७५ सालीं त्यांची नोंद केली. सुमारें ३० कोटि वर्षांपूर्वीं भारतभूमि दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती.

पुढें बर्फ ओसरला आणि दलदलींत अरण्यें माजलीं. ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या, आतां निर्वंश झालेल्या झाडांचा पाचोळा पाण्यांत पडे. हवा न मिळाल्यानें तो पुरता कुजला नाहीं. वर गाळ बसला, भार व उष्णता वाढली आणि त्याचा कोळसा झाला. त्यावर नद्यांनीं कामठी वालुकाश्म रचला. आपला काळा पाषाण तर त्यानंतर फार उशिरा, सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पसरला.

चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत हाच कोळसा जळतो. आपल्या घरच्या दिव्यांत त्या अरण्यावर पडलेलें ऊन पुन्हा उजळतें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. नद्या आजही गाळ वाहत आहेत. नवे थर बसतच आहेत. परंतु ज्या ठेव्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, तो आपण कांहीं पिढ्यांत संपवूं. म्हणून खोलींतून बाहेर पडतांना दिवा मालविणें ही केवळ काटकसर नव्हे, न्यायही आहे.