तसबीर होण्यापूर्वीचे देव

आषाढी जवळ आली की आमच्या पंढरीत प्रदक्षिणा मार्गावरील दुकानांतून तुळशीमाळा, बुक्का आणि चिपळ्या यांच्या जोडीने छापील चित्रांचे गठ्ठे बाहेर मांडले जातात. विटेवरचा पांडुरंग, शेजारी रखुमाई, गरुड, हनुमंत. वारकरी मोठ्या भक्तीने त्यांतील एक चित्र निवडतो. दुकानदार ते अंगठ्याएवढ्या जाडीचे गुंडाळून वर रबर अडकवून देतो, आणि ते भेंडोळे पिशवीतून डोके काढून, आषाढाची भुरभुर झेलीत गावाकडे निघते. ज्या मूर्तीच्या क्षणभर दर्शनासाठी हा भाविक तासन् तास रांगेत तिष्ठला, तिचेच चित्र घरी पोहोचेपर्यंत ओले, दुमडलेले आणि कडेला फाटलेले असते. आमच्या येथे उतरणाऱ्या एका माउलींनी गेल्या वारीत डोळ्यांत पाणी आणून सांगितले, ‘महाराज, दोन चित्रे एकत्र गुंडाळली होती, घरी जाऊन सोडवावयास गेलो तर देवाचे मुख दुसऱ्या कागदाच्या पाठीवर गेले.’ हल्लीची चित्रे गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापतात. त्या कागदावरचा लेप पाणी लागताच चिकट होतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला घट्ट धरून बसतो.

परंतु त्या माउलींना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितीसा आहे? आमचाही एक अपराध आहे, तो आधी सांगितला पाहिजे.

आमच्या तीर्थरूपांना एका यजमानांनी कीर्तन-सप्ताहाच्या समाप्तीस रविवर्मा छापखान्याची सरस्वती दिली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस गिरगावात शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि १९७२ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्या चित्रांतील एकेका रंगासाठी निराळा दगड असे, आणि पुष्कळ चित्रांवर शेवटी तैलचित्राची झाक यावी म्हणून रोगण चढवीत. आमच्या सरस्वतीची चौकट वाळवीने खाल्ली तेव्हा आम्ही चित्र काढून, गुंडाळून माळ्यावर ठेवले. नवी चौकट ‘सवडीने’ करावयाची होती. ती सवड यावयास दोन वर्षे लागली. १९८४ च्या नवरात्रात उलगडू गेलो तो कागद पुनःपुन्हा वळून बसे. तेव्हा आम्ही, काव्यतीर्थांच्या पंक्तीत बसणारे शहाणे, वर धोतराचा पदर घालून त्यावर गरम इस्त्री फिरविली. रोगण वितळले. पदर उचलला तेव्हा वीणेवरची बोटे पदराबरोबर आली. तीर्थरूप शेजारी बसले होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या रात्री कीर्तनास उभे राहिले तेव्हा मात्र नमनात नेहमीप्रमाणे शारदेचे नाव घेताना त्यांचा स्वर क्षणभर अडखळला. तो आम्हांस आजही ऐकू येतो.

खेद याचा, की शास्त्र आमच्या पाठांतरात होते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात भगवंतांनी उद्धवास प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाण, काष्ठ आणि धातू यांच्या मूर्तींबरोबर तेथे ‘लेख्या’ म्हणजे चित्रित प्रतिमाही मोजली आहे. म्हणून कागदावरचा देव कमी प्रतीचा, असे कोणी समजू नये. तेथेच पुढे स्नानाचा भेदही सांगितला आहे. मृत्तिकेच्या आणि चित्रित प्रतिमांना जलस्नान नाही, त्यांचे केवळ परिमार्जन करावे. पाणी कोणास सोसते व कोणास सोसत नाही, याचा विचार इतका जुना आहे. पोथ्या उतरून घेणारे लेखकही शेवटी वाचकास हात जोडून विनवीत, की हा ग्रंथ तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून जपा. तेल आणि पाणी यांचे कारण कोणासही कळेल. सैल बंधनाचे मर्म आम्हांस मात्र फार उशिरा उमगले. कागद हवेतील ओल पितो आणि सोडतो. ओल घेतली की फुगतो, सोडली की आकसतो. त्याला मोकळा सोडला तर तो वाकडातिकडा होतो. दोन फळ्यांमध्ये सारखा दाबून, रुमालात आवळून ठेवला तर ओलीचा वेग मंदावतो आणि कागद सपाट राहतो. पोथीची ही रीत चित्रालाही जशीच्या तशी लागू आहे.

म्हणून चित्र लहान असेल तर ते गुंडाळूच नये. चित्राहून चारी बाजूंनी दोन-दोन बोटे मोठे असे दोन जाड पुठ्ठे घ्यावेत, मध्ये चित्र, त्यावर स्वच्छ पांढरा पातळ कागद, आणि बाहेरून फीत. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उमटते; आम्ही वर्तमानपत्रातच हे लिहीत आहोत, संपादकांनी क्षमा करावी. चित्र मोठे असेल आणि गुंडाळणे भागच असेल तर निदान चार इंच व्यासाची पुठ्ठ्याची नळी घेऊन तिच्या बाहेरून सैलसे गुंडाळावे. मुखावर पातळ कागद ठेवावा आणि नळी चित्राहून लांब असावी, म्हणजे कडा आपटत नाहीत. वरून प्रवासापुरते प्लॅस्टिक. घरी पोहोचताच ते काढावे. आतली ओल कोंडली की बुरशी धरते. रबर कधीही लावू नये, ते कागदात रुतते आणि उन्हाळ्यात विरघळून चिकटते. एस्टीत हे भेंडोळे वरच्या फळीवर ट्रंकांच्या संगतीत न टाकता मांडीवर घ्यावे. जुने रोगण चढविलेले चित्र तर मुळीच गुंडाळू नये. रोगण ठिसूळ झालेले असते, वळताच तडकते.

घरी आल्यावर घाई हाच शत्रू. उलट बाजूने गुंडाळून बाक काढू नये, त्याने कागदाचे धागे तुटतात. चित्र एक दिवस खोलीतच सैल पडू द्यावे. मग पाटावर टिपकागद, त्यावर चित्र, पुन्हा टिपकागद, वर सपाट फळी आणि तिच्यावर सारखे पसरलेले वजन. जाड ग्रंथ चालतील, वरवंटा नको, तो एकाच जागी दाब देतो. आठ-पंधरा दिवस हात लावू नये. टिपकागद तेवढा दोन-तीनदा बदलावा. इस्त्रीविषयी आम्ही बोललो आहोत. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी मागून लावली, तर पुढे ती ओलाव्याने सोडविता येते. मौल्यवान जुने चित्र असेल तर तेही स्वतः न करता जाणत्याकडे द्यावे.

ठेवावे ते आडवे, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच, उन्हापासून आणि देवघरातील धुरापासून दूर. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या चित्राला चिकटवून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून पाहणे आणि मऊ कुंच्याने झटकणे अधिक गुणकारी. तेच परिमार्जन.

आता प्रश्न उरतो तसबीर केव्हा करावी. आषाढीस घेतलेले चित्र त्याच आठवड्यात काचेत बसविण्याची भाविकांना मोठी तळमळ. पंढरी कोरड्या मुलखात, परंतु येथून चित्र जाते कोकणात, मावळात, नाशकाच्या घाटमाथ्यावर. तेथे या दिवसांत ओल प्यायलेला कागद काचेमागे कोंडला, तर डाग आणि बुरशी यांना आमंत्रणच. शयनी एकादशीस भगवंत शेषशय्येवर पहुडतात; चातुर्मासभर चित्रालाही दोन पुठ्ठ्यांमध्ये पहुडू द्यावे. कोणी म्हणेल, चार महिने घरात पांडुरंग नाही काय? भागवतातील त्या आठ प्रतिमांत मनोमयी हीही एक आहे, आणि तिला ना वाळवी ना पाऊस.

प्रबोधिनी उलटली, हवा कोरडी झाली, की तसबीरवाल्याकडे जावे. चित्र पुठ्ठ्यावर डकवू देऊ नये. वरच्या कडेस दोन ठिकाणीच अडकवावे, म्हणजे कागदास फुगावयास जागा राहते. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट असावे, आणि पाठीला थेट प्लायवूड लागू नये, त्याचे तपकिरी चट्टे चित्रावर उमटतात. आमची सरस्वती अद्याप तसबिरीत गेलेली नाही. तीर्थरूपांच्या भागवताच्या पोथीखाली, दोन फळ्यांमध्ये ती आहे. कार्तिकीनंतरच्या पहिल्या कोरड्या दिवशी आम्ही फळी उचलतो, वीणेच्या त्या कोऱ्या जागेवरून कुंचा फिरवितो आणि पुन्हा बांधून ठेवतो.