टेप काय सांगते, काय लपवते?

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर झरी जामणी तालुका आहे. समजा, तिथल्या एका शाळेत बास्केटबॉलचा संघ निवडायचाय. सरांनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं, की सगळ्यांची बोटं आपोआप शेवटच्या मुलाकडे वळणार. "हाच आपला खेळाडू!" पुढचा बुटका बिचारा मान खाली घालणार. खरंच का हो सगळं उंचीवर ठरतं?

बरंचसं ठरतं, हे कबूल केलंच पाहिजे. रिंग असते जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर. पंजाबातल्या बल्लोके गावच्या सतनामसिंग भामराला २०१५ मध्ये डल्लास मॅव्हरिक्स या अमेरिकन संघानं निवडलं. एनबीएच्या संघानं निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिलाच खेळाडू. त्याची उंची सात फूट दोन इंच!

पण चेंडू काही डोक्यानं पकडत नाहीत. म्हणून जाणकार हातही मोजतात आणि उडीही. तुम्हीही मोजा. बोटांना खडू लावा, भिंतीशी उभं राहून, टाचा टेकवून हात वर करा नि खूण करा. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी खूण. समजा, रमेशचा हात १९८ सेंटिमीटरवर पोचतो आणि उडी २८ची. सुनीताचा हात १९० वर, पण उडी ४०ची. करा बेरीज! रिंगवर आपटून आलेला चेंडू कुणाला आधी मिळेल?

बरं, सगळी मापं सारखी कामाची नसतात. २००७ मध्ये एनबीएच्या चाचणीत केविन ड्युरँटला ८४ किलोंची सळई एकदाही उचलता आली नाही. हात मात्र त्याच्या उंचीहूनही लांब! त्या वर्षी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१४ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मग्सी बोग्स? उंची पाच फूट तीन इंच, तरी एनबीएत चौदा मोसम खेळला. चपळाई नि चेंडूवरची हुकमत टेपनं कशी मोजणार?

पालकहो, आता तुमच्यासाठी. मुलींची उंची साधारणपणे मुलांच्या दोनेक वर्षं आधी झपाट्यानं वाढते आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. १९७८ मध्ये मायकेल जॉर्डनला शाळेच्या मुख्य संघात घेतलं नाही. त्याच्याच वर्गातल्या उंच मुलाला घेतलं. तेव्हा जॉर्डन होता सुमारे पाच फूट दहा इंच. पुढे झाला साडेसहा फूट! बाराव्या वर्षीच्या मापावर "तुला जमणार नाही" म्हणणाऱ्यांचा मला तर रागच येतो.

तेव्हा दारामागे पेन्सिलनं खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मात्र वेळ एकच ठेवा बरं का! सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. खोटं वाटतं? उद्याच बघा मोजून.