विरळ होत गेलेली ऊब

फ्लीसचा साठेक वर्षांचा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. डोंगरात घालायचं हे गरम कापड दर टप्प्याला हलकं आणि विरळ होत गेलं आहे. हिवाळी ट्रेकसाठी फ्लीस घ्यायला निघालेली मंडळी दुकानात मात्र अजूनही जाड कापडच चाचपून बघतात. म्हणून हा प्रवास मागे जाऊन पाहण्यासारखा आहे.

फ्लीस येण्याआधी लोकर होती. सह्याद्रीत थंडीतल्या मुक्कामाला निघालं, की सॅकमध्ये घरी विणलेला स्वेटर आणि माकडटोपी असायचीच. लोकर गुणाचीच. ओली झाली तरी ती बऱ्यापैकी ऊब देते. पण ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा धरून ठेवू शकते, आणि तो सोडायला वेळ घेते. चढावर घामाने भिजलेला स्वेटर माथ्यावर वाळत नाही. फ्लीस ज्याचं बनतं त्या पॉलिएस्टरचा 100 ग्रॅम धागा हवेतला अर्धा ग्रॅमही ओलावा पीत नाही. फ्लीसची सगळी करामत या फरकात आहे.

नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीने 1961 मध्ये कृत्रिम धाग्याचं केसाळ ‘पाइल’ कापड आणलं. ते पावसाळी कपड्यांच्या आत घालायचं, आणि उत्तर समुद्रातल्या मच्छीमारांना ते मानवलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतले गिर्यारोहक इव्हॉन शुनार्ड यांनी तोच धागा पकडला आणि त्यांच्या पॅटागोनिया कंपनीने पाइलची जॅकेटं काढली. ती गरम होती, लवकर वाळायची, पण थोड्याच वापरात कापडाला गोळे यायचे. यावर उपाय मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्सने शोधला. 1979 च्या सुमारास तिथे पोलरफ्लीस तयार झालं आणि 1985 मध्ये पॅटागोनियाने त्याच गिरणीबरोबर घडवलेलं ‘सिंचिला’ बाजारात आणलं. विणलेलं कापड तारांच्या ब्रशखालून न्यायचं, दोन्ही बाजूंनी धागे उपसून काढायचे आणि मग ती लव सारखी कातरायची, अशी ही रीत. लवेत अडकलेली हवा ऊब देते, धागा फक्त ती हवा धरून ठेवतो.

पुढे माल्डन मिल्सची पोलरटेक या नावाने 100, 200 आणि 300 अशा वजनांची कापडं रूढ झाली. आकडा जेवढा मोठा, तेवढं कापड जड आणि गरम. ग्राहकांच्या मनात ‘जास्त आकडा म्हणजे चांगलं फ्लीस’ हे समीकरण इथेच बसलं असावं. तंबूपाशी बसून राहणाऱ्याला ते लागूही पडतं. चालणाऱ्याला पडत नाही.

1993 मध्ये पॅटागोनियाने वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून फ्लीस बनवायला सुरुवात केली. 1995 च्या डिसेंबरात माल्डन मिल्सला भीषण आग लागली. मालक ॲरन फ्यूअरस्टीन यांनी गिरणी बंद असताना कामगारांचे पगार कित्येक आठवडे चालू ठेवले आणि त्याच जागी गिरणी पुन्हा उभारली. 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पण कापडाचं काम थांबलं नाही. हलक्या फ्लीसमधले पुढचे दोन मोठे बदल पोलरटेकच्याच नावाने ओळखले जातात, म्हणून त्या माणसाची आठवण आदराने काढायला हवी.

पहिला बदल जाळीदार विणीचा, म्हणजे ग्रिडचा. कापडाच्या आतल्या बाजूला छोटे उंच चौकोन आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या पट्ट्या. चौकोन ऊब धरतात, पट्ट्यांमधून वाफ निघून जाते. दुसरा बदल ‘अल्फा’चा. अमेरिकी सैन्याच्या विशेष पथकांना असा कपडा हवा होता, की जो धावताना उतरवावा लागू नये आणि थांबल्यावर पुरावा. त्यासाठी तयार झालेलं हे विरळ, केसाळ कापड आधी जॅकेटच्या अस्तरात भरलं जाई. नंतर ते नुसतंच वापरता येऊ लागलं. आज त्याचा अंगरखा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि उजेडात धरला तर आरपार दिसतो.

या सगळ्याची आपल्याकडची कसोटी म्हणजे पहाटेचं कळसूबाई. बारी गावातून अंधारात चढायला लागलं, की जानेवारीतही अर्ध्या तासात पाठ घामेजते. जाड फ्लीस तिथेच कमरेला बांधलं जातं. शिड्या चढून 1646 मीटरवर पोचलं, की सूर्योदयाची वाट बघत वाऱ्यात उभं राहायचं असतं, आणि तेव्हा ओला टी-शर्ट बोचतो. पातळ ग्रिड फ्लीस चढभर अंगावर राहू शकतं. माथ्यावर त्याच्यावर विंडचीटर चढवला, की काम झालं. फ्लीस वारा अडवत नाही. ते काम दुसऱ्या कपड्याचं, आणि ते वेगळंच ठेवावं. दोन्ही एकत्र शिवलेलं ‘विंडप्रूफ’ फ्लीस चढावर कोंडतं.

म्हणून घेताना कापड तोंडाला लावून फुंकर मारून बघा. हवा सहज पार गेली पाहिजे. गळ्यापासून छातीपर्यंत चेन असावी, म्हणजे चालता चालता उघडता येते. सॅकच्या पट्ट्यांखाली जाड शिवण नको. करवंदीच्या जाळीतून वाट काढायची असेल तर अल्फासारखं विरळ कापड टाळा, धागे ओढले जातात; तिथे ग्रिड बरं. शेकोटीपासून दोन्ही लांब ठेवा, एका ठिणगीने पॉलिएस्टर वितळून भोक पडतं.

या प्रवासाची एक काळी बाजूही आहे. 2011 च्या एका अभ्यासात एक कपडा एका धुण्यात 1900 हून अधिक धागे सोडू शकतो असं आढळलं. ते सूक्ष्म प्लास्टिक नाल्यातून नदीत जातं, आणि ज्या पाण्याकाठी आपण मुक्काम करतो तेही त्यातून सुटत नाही. त्यामुळे फ्लीस कमी वेळा धुवावं, गार पाण्यात धुवावं, सॉफ्टनर घालू नये, आणि मुख्य म्हणजे एकच नीट निवडून वर्षानुवर्षं वापरावं. अंगाला बसणारं, चढावर काढावं न लागणारं एक पातळ फ्लीस असेल, तर कपाटात तीन जाड फ्लीस ठेवायची गरज उरत नाही.