बोलका आरसा, पण बेसिनवर

मैत्रिणींनो, सकाळी इकडे डबे, तिकडे अंघोळीची घाई. अशा वेळी आरशातच घड्याळ अन् आजचं तापमान दिसलं तर? मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो. मुलांना बाहेर सोडण्याआधी कळलेलं बरं!

मायकेल टेऊ या डच गृहस्थांनी २०१४ मध्ये असा आरसा घरी केला आणि कृती सर्वांना मोफत दिली. जुना मॉनिटर, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, घरचं वाय-फाय आणि पुढे अर्धपारदर्शक काच. मागे काळोख असला की काच आरशासारखी दिसते, पांढरी अक्षरं तेवढी आरपार येतात. साधा आरसा चालत नाही, त्याच्या पाठीला रंग असतो.

आता महत्त्वाचं. त्या संगणकाला ५ व्होल्ट पुरतात, पण मॉनिटरला बहुधा २३० लागतात. न्हाणीघरात वाफ, ओले हात! तिथे तो लावूच नये. आपल्याकडे बेसिन बहुधा बाहेरच असतं, तिथे लावा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं सुरक्षा-स्विच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ‘काही होत नाही गं,’ असं घरातून ऐकू येईलच, ऐकू नका. कॅमेरा जोडायची सोयही असते, ती आपल्याला नकोच. आणि लाइन गेली, की उरतो नुसता आरसा. वेणीफणीला तेवढा पुरतो.